आधी माप, मग कात्री

आमचं घर शिवणकामावर चालणारं. निलंग्याच्या बाजारात अब्बांचं छोटं दुकान होतं. दोन मशिनी, कापड कापायची एक लाकडी फळी आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली मापाची वही, एवढाच पसारा. अब्बा फारसे शिकलेले नव्हते. पण दुकानात नवा पोरगा काम शिकायला आला की पहिल्या दिवशी त्याला एकच गोष्ट सांगायचे, ‘‘पहले नाप, बाद में कैंची.’’ आधी माप, मग कात्री. चुकीचं कापलेलं कापड जोडता येतं, पण अंगावर ते ठिगळासारखंच दिसतं.

मी बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो आणि मशिनीवर काही माझा पाय बसला नाही. अब्बांचं हे वाक्य मला दुकानात कधी नीट कळलंही नव्हतं. ते कळलं दुकानापासून पंचविसेक किलोमीटरवर, पत्र्याच्या एका शेडमध्ये. ते साल होतं १९९३.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरी आले आणि दमून झोपले. ३० तारखेच्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. निलंग्यात आम्ही अंगणात धावलो. भांडी पडली, भिंतींना तडे गेले, जीव वाचले. उजाडल्यावर कळलं की तेरणाकाठची गावंच्या गावं बसली आहेत. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, नांदुर्गा, होळी, राजेगाव, चिंचोली रेबे. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८. जखमी सुमारे १६ हजार. तीस हजारांच्या आसपास घरं साफ पडली आणि तेरा जिल्ह्यांत मिळून सुमारे दोन लाख घरांना कमीजास्त धक्का बसला.

त्या पहाटेची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. मला आज तिच्या पुढची गोष्ट सांगायची आहे. आमच्या मदतीला आलेल्यांनी आम्हाला काय विचारलं आणि काय विचारायचं राहून गेलं, त्याची.

खरं तर ही गोष्ट भूकंपाच्या वर्षभर आधीच सुरू होते. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारी परिसरात जमिनीतून आवाज येत होते, धक्के बसत होते. त्या ऑक्टोबरात बसलेल्या एका मोठ्या धक्क्यानंतर तर लोक घराबाहेर झोपू लागले. म्हातारी माणसं सांगत होती, हे काही बरं लक्षण नाही. पण भूकंपाच्या सरकारी नकाशात आमचा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. दख्खनचं पठार म्हणजे काळा पक्का दगड, इथं मोठा भूकंप कसा होईल, असा सगळ्यांचाच समज. नकाशा एक सांगत होता, पायाखालची जमीन दुसरंच सांगत होती. पुढे धक्के कमी झाले, लोकही कंटाळले आणि माळवदाखाली परत झोपायला गेले. भूकंपानंतर नकाशे दुरुस्त झाले. २००२ च्या नकाशात झोन एक हा प्रकारच उरला नाही आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये गेला.

माणसं मेली ती जमीन हलल्यामुळे कमी आणि घरामुळे जास्त. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, चिखलात रचलेले गोल दगडगोटे, वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी या मातीवर आणखी माती पडे. आजोबांच्या काळापासूनचं ते ओझं एका क्षणात खाली आलं. मोठ्या वाड्यांत माणसं दबली आणि गावकुसाबाहेरच्या कुडाच्या, छपराच्या घरांत पुष्कळ वाचली. आयुष्यभर ज्याला गरिबाचं घर म्हणून नाव ठेवलं, त्यानंच जीव वाचवला.

तेरणेकाठच्या अशाच एका गावात माझी खाला राहायची, अम्मीची धाकटी बहीण. बांगड्या भरण्याचा त्यांचा धंदा. खालू आणि थोरला मुलगा गेले. खालाला कमरेला मार लागून दवाखान्यात नेलं. पाऊस सुरू झाला होता. प्रेतांची ओळख पटवायला वेळ नव्हता, रोगराईची भीती होती. मिळेल ते लाकूड आणि रॉकेल घेऊन सामुदायिक चिता पेटल्या. त्यात खालू आणि माझा मावसभाऊ गेले. मुसलमानाला माती द्यायची असते हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या चार दिवसांत कोण कोणाचं हे सांगायलाच कुणी उरलं नव्हतं. मी याची तक्रार करत नाही. खालानंही कधी केली नाही. ती दवाखान्यातून आली तेव्हा एवढंच विचारत होती, ‘‘कहाँ किये, इतना तो बताओ.’’ कागदपत्रं करणाऱ्या कुणालाही ते सांगता आलं नाही. शेवटी गावच्या कोतवालानं तिला शेताच्या बांधाजवळची जागा दाखवली. त्याचीही दोन माणसं त्याच चितेवर गेली होती. त्यानंतर ती दरवर्षी तिथं जाऊन फातेहा पढायची. तिच्या बाजूला तो कोतवालही उदबत्ती लावायचा.

मदत मात्र खूप आली. हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर कृतघ्नपणा होईल. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी किल्लारीत पोचले. लष्कराचे जवान आले, डॉक्टर आले, देशभरातून ट्रक आले. पण ट्रक भरताना काय लागतं हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं तरी कुणाला, हाही प्रश्नच होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या कपड्यांचे ढीग पडले. पावाचे पुडे आले. आमच्याकडची ज्वारीची भाकरी खाणारी माणसं ते किती दिवस खाणार? लोकांची नजर शेतावर होती. रब्बीच्या पेरणीचे दिवस तोंडावर आले होते आणि बैल दावणीलाच दगडाखाली मेले होते.

अब्बा आणि मी पाचव्या-सहाव्या दिवशी खालाच्या गावी गेलो. एक म्हातारी नायलॉनची गुलाबी पाचवारी साडी हातात धरून बसली होती. जन्मभर नऊवारी लुगडं नेसलेली बाई. म्हणाली, ‘‘चाचा, हे नेसून म्या रानात जाऊ का पिच्चरला?’’ त्या परिस्थितीतही चार बाया हसल्या. अब्बा हसले नाहीत. परतताना मला म्हणाले, साड्या पोत्यांनी आल्यात, पण झंपर-परकर एकानंही पाठवलेला दिसत नाही. बाया अंगावरच्याच कपड्यांनी आठ दिवस कशा राहात असतील?

दुसऱ्या दिवशी अब्बांनी एक मशीन टेम्पोत टाकली आणि अम्मीला म्हणाले, तू पण चल, हे मी विचारलेलं चालायचं नाही. निंबाच्या झाडाखाली मशीन मांडली. अम्मी शेडमध्ये जाऊन एकेकीजवळ बसली. आधी कुणी बोलेना. मग एक जण हळूच म्हणाली, ‘‘भाबी, लुगड्याचं ऱ्हाऊ द्या, झंपर तेवढं शिवून द्या.’’ मग बाकीच्याही बोलल्या. महिन्याच्या अडचणीचं बोलल्या, अंघोळीला आडोसा नाही हे बोलल्या, रात्री शेडबाहेर जायची भीती बोलल्या. त्याच गावात त्याआधी मी एका मदत केंद्रावर अर्ज भरत दोन दिवस बसलो होतो. माझ्या अर्जात कुटुंबप्रमुखाचं नाव, मयत किती, जखमी किती, घर किती खणांचं, जमीन किती, असे रकाने होते. अम्मीला तासाभरात जे कळलं, त्याला माझ्या अर्जात रकानाच नव्हता. बी.ए. झालेला मी होतो, पण माप अम्मीनं घेतलं.

पुढे पुनर्वसन सुरू झालं. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं हाती घेतलेला हा कार्यक्रम देशातल्या त्या काळच्या मोठ्या पुनर्वसनांपैकी एक होता. त्याचे ढोबळ दोन भाग होते. सर्वांत जास्त नुकसान झालेली ५२ गावं उठवून नव्या जागी वसवायची, हा पहिला. आणि जिथं घरं खिळखिळी झाली पण गाव उभं आहे तिथं घरमालकाला पैसे आणि सल्ला देऊन त्याचं घर त्याच्याच हातानं दुरुस्त व मजबूत करून घ्यायचं, हा दुसरा. ही दुसऱ्या प्रकारची गावं दोन हजारांवर होती. सरकार तेच, कार्यक्रमही तोच. पण विचारण्याच्या दोन पद्धती झाल्या आणि त्यांची फळंही दोन प्रकारची निघाली.

उठवलेल्या ५२ गावांबद्दल सगळा दोष सरकारच्या माथी मारणं मला पटत नाही. त्या ऑक्टोबरात आमच्या लोकांना विचारलं असतं, आणि काही ठिकाणी विचारलंही, तर उत्तर एकच होतं. या जागेवर आता राहायचं नाही, दगडाचं घर नको, सिमेंटचं द्या. ज्याच्या घरातली चार माणसं त्या जागेवर गेली, तो दुसरं काय बोलणार? पण भीतीच्या महिन्यात दिलेलं उत्तर हे आयुष्यभराचं उत्तर नसतं. शेडमधला पहिला उन्हाळा सरला, पेरणी झाली, मनं थोडी थाऱ्यावर आली तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारायला हवा होता. तोवर नकाशे मंजूर झाले होते, बांधणाऱ्या संस्था ठरल्या होत्या.

घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनवाल्याला ७५०. कागदावर हे सोयीचं दिसतं. पण एका मापाची घरं एका ओळीत आली आणि जुन्या गल्ल्या फुटल्या. जुन्या गावात वेस होती, पार होता, आड होता, भावकीची बोळं होती. दारात बसलेल्या बाईला समोरचं दार दिसायचं. नव्या गावात शहरातल्या कॉलनीसारखे रुंद, सरळ रस्ते आले. बैल बांधायचा कुठं, कडबा रचायचा कुठं, ज्वारीची कणगी ठेवायची कुठं, याचा जाब त्या घरांत नव्हता. गुबाळला तर घुमटाच्या आकाराची घरं उभी राहिली. भूकंपाला ती पक्की असतील, पण गोल भिंतीला फडताळ कसं लावायचं आणि दुसरी खोली कशी जोडायची हे आमच्या माणसाला उमगेना. हळूहळू लोकांनी घरापुढे पत्रे टाकले, पडवी काढली, गोठा बांधला. काहींनी तर जुन्याच दगडांनी बांधला. म्हणजे माप शेवटी ज्याचं त्यानंच घेतलं, पण कापड कापून झाल्यावर.

माझ्या खालाला २५० चौरस फुटांचं घर मिळालं. डोक्यावर पक्कं छप्पर आलं म्हणून ती दुवा देई. पण बांगड्यांचा धंदा बसला. पूर्वी दुपारी एका गल्लीत टोपली उतरवली की दहा बाया भोवती जमायच्या. आता कोण कुठल्या ओळीत गेली हे शोधत उन्हात फिरावं लागे. आणि भूकंपानं बांगड्या भरणारे हातही कमी केले होते. ती म्हणायची, ‘‘घर दिया, मोहल्ला नहीं दिया.’’ पुनर्वसनावरचे कितीतरी लेख मी पुढे वाचले. या पाच शब्दांपलीकडचं त्यात मला फार सापडलं नाही.

आता दुसरा भाग. इथं घर मालकाचं, जागा मालकाची, बांधकामही त्यानंच करून घ्यायचं. पैसे हप्त्याहप्त्यानं, काम पुढे सरकेल तसे मिळणार. इंजिनिअर सांगणार की माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारी सिमेंट-सळईची पट्टी फिरवा, लाकडी खांब आणि तुळईच्या जोडाला तिरपा आधार द्या. हे शास्त्र बरोबरच होतं. पण लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. ‘‘ज्यानं मारलं तेच डागडुजी करून परत डोक्यावर घ्यायचं का?’’ असं लोक विचारत. कितीतरी जणांनी त्या पैशात एकच सिमेंटची खोली बांधली आणि जुन्या घराला हातही लावला नाही.

या टप्प्यावर सरकारनं एक वेगळी गोष्ट केली. लोकांना सहभागी करून घेण्याचं काम प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे दिलं. १९९४ पासून चारेक वर्षं हे काम चाललं. गावोगावच्या महिला मंडळांतून बाया निवडल्या आणि त्यांना ‘संवाद सहायक’ असं नाव दिलं. हजारावर गावांत हे काम पोचलं. यांतल्या कितीतरी जणी जेमतेम शाळा शिकलेल्या, ग्रामसभेत कधी पाऊल न टाकलेल्या. त्यांनी हप्त्याचे नियम समजून घेतले, ओट्यावर बसून ते इतरांना सांगितले, सिमेंटमध्ये वाळू किती ते पाहिलं, कॉलमची सळई मोजली आणि कच्चं काम दिसलं की इंजिनिअरला थांबवलं. गवंडी सुरुवातीला हसायचे. पुढे पुढे तेच विचारू लागले, ताई, बघून जाता का?

मी तेव्हा निलंगा तालुक्यातल्या अशा दोन-तीन बैठकांना गेलो होतो. एकीनं उभं राहून सांगितलेलं मला आठवतं, ‘‘घरात बारा घंटे आमी ऱ्हातो. चूल आमची, पाणी आमचं. मग घर कसं असावं ते गड्यालाच का इचारता?’’ सभेत शांतता पसरली. मला निंबाखालची मशीन आठवली आणि अम्मी आठवली. बायांना बायांनी विचारलं की वेगळीच उत्तरं येतात, हे अब्बांना जे एका दुपारी कळलं, ते इथं सरकारी कार्यक्रमात आलं होतं.

सगळं गोड झालं असं नाही. कुठं हप्ते अडकले, कुठं सरपंचाच्या घरच्याच बाईचं नाव पुढं आलं, कुठं दलित वस्तीपर्यंत बैठक पोचलीच नाही. विचारायचं ठरवलं तरी कुणाला विचारायचं हा प्रश्न राहतोच, आणि बहुतेक वेळा चावडीवर जो मोठ्यानं बोलतो त्याचंच उत्तर गावाचं उत्तर म्हणून लिहिलं जातं. तरीही फरक दिसला. काम संपलं तेव्हा त्या बाया घरी बसल्या नाहीत. बचत गट झाले, पाण्याची, आरोग्याची, शाळेची कामं झाली.

आणि आमचं हे शिकणं आमच्यापुरतं राहिलं नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बाया तिकडं गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेल्या घरासमोर बसलेल्या बाईजवळ कसं बसायचं हे त्यांना शिकवावं लागलं नाही. गुजरातमध्ये बहुतेक गावांनी दुसरीकडे जायला नकार दिला आणि सरकारनं घरमालकालाच पैसे देऊन घर बांधू देण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर घेतला. लातूरच्या दोन्ही अनुभवांचा, चुकलेल्या आणि जमलेल्याही, त्यात वाटा होता. २००४ च्या त्सुनामीनंतर मराठवाड्यातल्या बाया तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही गेल्या. ज्यांना कालपर्यंत लोक ‘आपद्‌ग्रस्त’ म्हणत होते, त्या आता मदतीला जात होत्या.

जगातही साधारण याच काळात हा विचार रुजत होता. १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि इतर मदत संस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. तिच्या दहा कलमांत एक असं की, ज्यांच्यासाठी मदत आहे त्यांना त्या मदतीच्या कारभारात सामील करून घ्यायचे मार्ग शोधावेत. २०१४ मध्ये तर आपत्तीग्रस्तांना माहिती मिळण्याचा, निर्णयात भाग घेण्याचा आणि निर्धास्तपणे तक्रार करण्याचा हक्क आहे, असं जागतिक मानकच तयार झालं. कागद चांगले आहेत. पण कलम वाचून कुणी शेडमध्ये मांडी घालून बसत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो आणि समोरच्याला आपल्यापेक्षा त्याच्या गरजेचं जास्त कळतं हे आधी मान्य करावं लागतं. संकटात सापडलेला माणूस उघडा पडतो, पण म्हणून तो अडाणी होत नाही.

अब्बा आता नाहीत, खालाही नाही. दुकान भाच्यानं चालवायला घेतलं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं हाहाकार केला. सीना, मांजरा, तेरणा फुगल्या, उभं सोयाबीन पाण्यात गेलं, परंड्याकडे माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. आमच्या मोहल्ल्यातली पोरं मदत गोळा करत माझ्याकडे आली. मशिदीतून आणि गणेश मंडळातूनही पैसे जमले होते. ‘‘सर, गहू-तांदळाच्या किटा करतोय, कपडे पण भरतोय. अजून काय घ्यावं?’’

मी म्हणालो, तिथल्या कुणाचा फोन नंबर आहे का? एकाच्या बहिणीचं सासर सीनाकाठी होतं. फोन लावला, स्पीकरवर टाकला. पोरानं विचारलं, ताई, काय आणू? ती बाई जरा गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘धान्य आलंय दादा. गुरं चार दिवस उपाशी हायत. कडबा मिळाला तर बघा. आन्‌ पोरींच्या वह्या भिजल्यात.’’

पोरांनी कपड्यांची गाठोडी उतरवली आणि टेम्पो कडब्याच्या शोधात गेला. वह्या मी भाच्याच्या दुकानाशेजारून घेतल्या. किती पानी हव्यात ते मात्र परत फोन करून विचारलं.